भाड्याचं घर आणि मालकाची भीती



स्मृतिव्याख्यानासाठी ‘घर भाड्याने देताना’ हा विषय जाहीर झाला, तेव्हा काहींना नवल वाटलं असेल. या मंचावर इतिहास, साहित्य, समाजकारण शोभतं; डिपॉझिट, मेंटेनन्स आणि अॅग्रीमेंट ही एजंटच्या ऑफिसातली भाषा. पण या सभागृहातल्या किती कुटुंबांची जन्माची पुंजी आज दुसऱ्या फ्लॅटमध्ये अडकलेली आहे? निवृत्तीचे पैसे हातात आले, फ्लॅट घेतला. मुलगा अमेरिकेला गेला, त्याने पुण्यात फ्लॅट घेतला. गावाकडची जमीन विकली, पुन्हा फ्लॅटच घेतला. मराठी मध्यमवर्गाने सोनं सोडलं तर विटांइतका विश्वास दुसऱ्या कशावर ठेवलेला नाही. आणि एवढी रक्कम गुंतवल्यावर त्या घराचा कारभार चालतो कसा? एका फोनवर, कुणाच्या तरी ओळखीवर आणि ‘बघू पुढे’ या दोन शब्दांवर. म्हणून हा विषय चारचौघांत बोलायला हवा.

२०११च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे एक कोटी दहा लाख घरं रिकामी आढळली. ही काही बेवारस घरं नव्हती. त्यांना मालक होते, दारांना कुलपं होती, वीजबिलं भरली जात होती. याच शहरांत लाखो माणसं भाड्याची खोली शोधत फिरत होती. मग ही घरं बंद का राहिली? कारणं अनेक आहेत. पण महाराष्ट्रातल्या मालकाला विचारलं, तर पहिलं उत्तर ठरलेलं असतं : भाडेकरू घर सोडणार नाही.

आजच्या व्याख्यानाचा रोख याच उत्तरावर आहे. भीती आहे जुन्या कायद्याची, आणि हेळसांड होते ती नव्या कायद्याची. हे समजून घ्यायला चार गोष्टी क्रमाने पाहू : भीती आली कुठून, कागद काय सांगतो, हिशेब काय सांगतो आणि माणसाशी वागायचं कसं.

पहिली गोष्ट, भीतीची. ती खोटी नाही, हे आधीच मान्य केलं पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत माणसांचे लोंढे आले, जागा अपुरी पडली, भाडी भडकली. सरकारने भाड्यांना लगाम घातला आणि १९४७ साली मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं, तेच जुन्या जागांचं ‘प्रमाण भाडं’ ठरलं. त्या काळी हे योग्यच होतं. फाळणीनंतर निर्वासित आले, गिरण्यांत कामगार येत होते. त्यांच्या डोक्यावरचं छप्पर राखणं सरकारचं कर्तव्य होतं. पण तात्पुरता म्हणून केलेला कायदा मुदतवाढीवर मुदतवाढ घेत पन्नास वर्षं टिकला. भाडं जागच्या जागी राहिलं. सिमेंट, लोखंड, गवंड्याची मजुरी मात्र थांबली नाही.

परिणाम काय झाला? गिरगाव, लालबाग, भेंडीबाजार इथल्या इमारतींची डागडुजी मालकाने सोडून दिली. महिन्याचं भाडं इतकं तुटपुंजं, की त्यातून गच्चीचं गळणं थांबवायचं तरी कसं? शेवटी सरकारला १९६९ साली या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी वेगळा कायदा करावा लागला, उपकर बसवावा लागला. आज ‘उपकरप्राप्त इमारत’ हा शब्द मुंबईकराच्या तोंडी आहे, तो तिथून आला. दुसऱ्या बाजूला पागडी आली. कायद्याने भाडं वाढत नाही ना, मग हातातल्या रोख रकमेने वाढू लागलं.

यातून पळवाट म्हणून मालकांनी ‘लिव्ह अँड लायसन्स’ धरलं. भाडेकरू नव्हे, परवानाधारक. जागेवर हक्क नाही, फक्त वापरण्याची मुभा. आणि मग १९७३ साली तो घाव बसला, ज्याची आठवण आजही घराघरात आहे. कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवानाधारक चालू करारावर जागेत राहत होते, ते संरक्षित भाडेकरू ठरले. अकरा महिन्यांसाठी आलेला माणूस कायमचा झाला. ज्या वडिलांनी हे सोसलं, त्यांनी मुलांना एकच शिकवण दिली : घर रिकामं राहिलं तरी चालेल, भाड्याने देऊ नका.

पण श्रोतेहो, त्याला आता पन्नासहून अधिक वर्षं लोटली. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात स्पष्ट म्हटलं, की गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाडेकरूंना संरक्षण राहिलं, त्यांच्या भाड्यात वर्षाला चार टक्के वाढीची मुभा मिळाली. आणि राहण्यासाठी परवान्यावर दिलेल्या घराच्या मालकाला एक स्वतंत्र, जलद वाट मिळाली. ही वाट किती मालकांना ठाऊक आहे?

म्हणून दुसरी गोष्ट, कागदाची.

या कायद्याची दोन कलमं प्रत्येक घरमालकाला पाठ असावीत. पहिलं, कलम ५५. करार लेखी हवा आणि तो नोंदवलेला हवा. नोंदवण्याची जबाबदारी कुणाची? भाडेकरूची नाही, एजंटची नाही, मालकाची. नोंदणी केली नाही आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं. उलटं सिद्ध करण्याचं ओझं मालकावर पडतं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूदही आहे.

दुसरं, कलम २४. मुदत संपल्यावर परवानाधारकाने घर सोडलं नाही, तर मालकाने दिवाणी न्यायालयाच्या रांगेत उभं राहायचं कारण नाही. सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत समोरच्याने बचावाची परवानगी मागायची असते. ती मागितली नाही किंवा मिळाली नाही, तर घर रिकामं करण्याचा आदेश होतो. मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, लेखी करारात जे लिहिलं आहे ते या कामी निर्णायक पुरावा मानलं जातं. प्रत्यक्षात निकालाला महिने लागतात, हे खरं. पण दिवाणी दाव्यात जाणाऱ्या वर्षांशी त्याची तुलनाच होत नाही.

आणि इथे तो जुना गैरसमज उपटून काढायला हवा. ‘करार अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही.’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक सोसायटीत ऐकू येतं. केंद्राच्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. त्यावरून देशभर अकरा महिन्यांची प्रथा पडली. पण महाराष्ट्रात कलम ५५ आहे. इथे अकरा महिने असोत की तीन वर्षं, नोंदणी हवीच. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरीचा शिक्का मारलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे. तो कपाटात जपून ठेवला, तरी संकटाच्या वेळी त्याचा आधार फार तोकडा पडतो.

नोंदणी इतकी अवघड आहे का? एके काळी सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत अर्धा दिवस मोडायचा. आता चित्र असं आहे : रविवारी सकाळी एजंटचा मुलगा पाठीवर बॅग घेऊन घरी येतो. चहाचे कप बाजूला सारून टीपॉयवर लॅपटॉप मांडतो, काडेपेटीएवढं बोटाचा ठसा घेणारं यंत्र जोडतो. मालकीणबाई पदराला बोट पुसून अंगठा ठेवतात. वय झाल्यामुळे ठसा पहिल्या खेपेला उमटत नाही, मग दुसरं बोट. वेबकॅम समोर धरून फोटो. भाडेकरूचा ठसा, दोन साक्षीदारांचे ठसे. दोन-चार दिवसांत नोंदणी क्रमांकासह करार मोबाइलवर येतो. संपलं.

खर्च किती? पाच वर्षांपर्यंतच्या करारावर एकूण भाडं, आणि परत करायच्या डिपॉझिटवर दरसाल दहा टक्के धरून येणारी रक्कम, या बेरजेच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क. अकरा महिने, भाडं २५ हजार, डिपॉझिट एक लाख, असा करार असेल तर हे शुल्क साडेसातशे रुपयांच्या आत बसतं. शहरी भागात नोंदणी फी हजार रुपये, वर दस्त हाताळणीची किरकोळ रक्कम आणि एजंटची मजुरी. ऐंशी लाखांच्या घराच्या सुरक्षिततेसाठी हे जास्त आहे का? आणि तरीही दरवर्षी ‘ओळखीचाच मुलगा आहे, कशाला नोंदणी’ असं म्हणत लोक हे टाळतात. ओळखीचा मुलगा नोकरी बदलतो, घरात त्याचा भाऊ येऊन राहतो, मग भावाचा मित्र. त्या मित्राशी कुणाची ओळख असते?

याला जोडूनच दोन कर्तव्यं. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची. ती आता ऑनलाइन देता येते. आणि सोसायटीला कराराची प्रत द्यायची. सोसायटीला कळवायचं असतं. तिची मेहेरबानी मागायची नसते. फ्लॅट भाड्याने दिला म्हणून सोसायटी ना-वापर शुल्क घेऊ शकते, पण ते किती? १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने त्यावर मर्यादा घातली : सेवाशुल्काच्या दहा टक्के, तेही महापालिकेचे कर वगळून. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली हा आदेश उचलून धरला. म्हणजे सेवाशुल्क तीन हजार असेल, तर ना-वापर शुल्क तीनशेच्या वर जाऊ शकत नाही. सर्वसाधारण सभेत कितीही जोरात ठराव झाला, तरी नाही.

आता तिसरी गोष्ट, हिशेबाची. हा भाग सभागृहात सर्वांत कमी आवडेल, पण तोच सर्वांत गरजेचा आहे.

असं एक घर डोळ्यांसमोर आणावं. पुण्याच्या उपनगरातला दोन बेडरूमचा, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेला फ्लॅट. किंमत ऐंशी लाख. पुण्यातलं सात टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे पाच लाख साठ हजार, नोंदणी फी तीस हजार. बांधकाम चालू असलेला असता, तर त्यावर पाच टक्के जीएसटी, म्हणजे आणखी चार लाख. तो सोडून देऊ. खिशातून गेले सुमारे ८५ लाख ९० हजार. भाडं महिना २५ हजार, म्हणजे वर्षाला तीन लाख. लोक इथेच थांबतात. ऐंशी लाखांवर तीन लाख, पावणेचार टक्के. ठीक आहे, असं म्हणतात.

पण पुढे? सोसायटीचा मेंटेनन्स महिना साडेतीन हजार, वर्षाचे ४२ हजार. मिळकतकर १५ हजार. दोन भाडेकरूंच्या मध्ये घर एक महिना रिकामं राहिलं, २५ हजार गेले. रंग, नळ, गिझर, पाणी झिरपलेली भिंत यांचे वर्षाकाठी २० हजार. दर दोन वर्षांनी एका भाड्याइतकी दलाली, म्हणजे वर्षाला साडेबारा हजार. एकूण एक लाख साडेचौदा हजार. उरले एक लाख साडेपंच्याऐंशी हजार. हे ८५ लाख ९० हजारांवर किती होतात? सव्वादोन टक्क्यांहूनही कमी. गृहकर्जाचा दर याच्या तिप्पट-चौपट असतो. म्हणजे ‘भाड्यातून हप्ता निघेल’ हे वाक्य, जे विक्रीच्या ऑफिसात पहिल्या भेटीत ऐकवलं जातं, ते या आकड्यांसमोर टिकत नाही.

मग घरात गुंतवणूक करूच नये का? असं नाही. पण कशासाठी करतो आहोत, हे स्वतःशी स्पष्ट असावं. भाडं हा जोडीचा लाभ आहे. खरी आशा असते किंमत वाढण्याची. ती वाढेल की नाही, हे बागेच्या आणि जलतरण तलावाच्या चित्रांवरून ठरत नाही. रस्ता झाला आहे का? उन्हाळ्यात टँकर किती लागतात? गरज पडली तर सहा महिन्यांत गिऱ्हाईक मिळेल का? आणि कर्ज काढून घेतलं असेल, तर तीन महिने भाडं नाही आलं तरी हप्ता भरता येईल का? या शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर असेल, तर तो फ्लॅट तूर्त घेऊ नये.

नवीन प्रकल्पात घेताना १ मे २०१७ पासून महारेराचं कवच आहे. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक पाहायचा, त्यावरून संकेतस्थळावर मंजुऱ्या, ताब्याची तारीख, चालू खटले बघायचे. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरला घेता येत नाही. किंमत चटई क्षेत्रावर, म्हणजे कार्पेटवर मोजायची. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर तो बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करायचा आहे. जुनं घर घेताना भोगवटा प्रमाणपत्र, शेअर सर्टिफिकेट, आधीच्या खरेदीखतांची साखळी आणि सोसायटीच्या नावे जमिनीचं अभिहस्तांतरण झालं आहे का, एवढं पाहिल्याशिवाय टोकन देऊ नये.

कराचं थोडक्यात. भाड्यातून मालकाने भरलेला मिळकतकर वजा होतो आणि उरलेल्या रकमेवर सरसकट तीस टक्के वजावट मिळते. वरच्या उदाहरणात घर वर्षभर भाड्याने राहिलं असं धरलं, तर तीन लाखांतून १५ हजार गेले, उरलेल्या दोन लाख ८५ हजारांवर तीस टक्के वजावट. करपात्र राहिले एक लाख साडेनव्व्याण्णव हजार. रंगकाम, दुरुस्ती, दलाली यांच्या पावत्या वेगळ्या लावता येत नाहीत. ते सगळं त्या तीस टक्क्यांतच धरलेलं आहे. महिन्याचं भाडं ५० हजारांहून जास्त असेल, तर भाडेकरूने टीडीएस कापायचा असतो. ऑक्टोबर २०२४ पासून त्याचा दर पाचऐवजी दोन टक्के झाला.

आणि परदेशी असलेल्या मुलांच्या नावावर घरं आहेत, त्यांनी हे नीट ऐकावं. मालक अनिवासी असेल, तर हे दोन टक्के आणि ही पन्नास हजारांची मर्यादा लागू होत नाही. भाडं कितीही असो, भाडेकरूने तीस टक्के आणि वर उपकर, अशी कपात करायची असते. कर प्रत्यक्षात कमी बसत असेल, तर आयकर खात्याकडून कमी दराच्या कपातीचं प्रमाणपत्र आधी आणता येतं. करारावर आईने सही केली, भाडं मुलाच्या खात्यात गेलं, कपात कुणीच केली नाही, ही कोथरूडपासून ठाण्यापर्यंतची नेहमीची कहाणी आहे. मुलाने आईच्या नावे रीतसर कुलमुखत्यारपत्र द्यावं आणि भाडेकरूला पहिल्याच दिवशी मालक अनिवासी असल्याचं लेखी सांगावं.

चौथी आणि शेवटची गोष्ट, माणसाशी वागण्याची.

किल्ली देण्याच्या दिवशी मालक आणि भाडेकरू यांनी अर्धा तास घरात एकत्र फिरावं. विजेच्या मीटरचं रीडिंग लिहावं, फोटो काढावा. पंखे किती, ट्यूब किती, गिझर चालू आहे का, बाथरूममधली फरशी कुठे तडकली आहे, बेडरूमच्या छतावर ओल आहे ती आधीचीच आहे का, किल्ल्यांचे जुडगे किती दिले. एका कागदावर यादी, दोघांच्या सह्या. घर सोडताना हीच यादी हातात घेऊन पुन्हा फिरावं. डिपॉझिटवरून होणारी भांडणं तपासून पाहावीत. त्यांतली बहुतेक या एका कागदाने टळली असती. भिंतीचा रंग वापराने उतरतो, त्याचे पैसे भाडेकरूकडून का घ्यावेत? दार फोडलं असेल तर जरूर घ्यावेत. या दोन गोष्टींतला फरक करारातच लिहून ठेवावा.

डिपॉझिट हे मालकाचं उत्पन्न नव्हे, ती ठेव आहे. हेवी डिपॉझिटवर घर देणाऱ्यांनी तर हे फार सांभाळावं. दहा-पंधरा लाख घेतले, भाडं नाममात्र ठेवलं, आणि ती रक्कम मुलीच्या लग्नात किंवा दुसऱ्या फ्लॅटच्या हप्त्यात गेली. मुदत संपली, भाडेकरू पैसे मागतो, मालकाकडे पैसे नाहीत. आता घर कोण सोडणार? आणि दोष कुणाचा? ही रक्कम मुदत ठेवीत वेगळी ठेवता येत नसेल, तर ती घेऊच नये.

भाडं थकलं, तर? पहिल्या महिन्यात फोन, दुसऱ्या महिन्यात लेखी नोटीस, मग वकील. कुलूप बदलणं, पाणी तोडणं, वीज बंद करणं हा कायद्याचा रस्ता नव्हे. ज्या दिवशी मालक कुलूप बदलतो, त्या दिवशी बाजू उलटते : चुकलेला भाडेकरू तक्रारदार होतो आणि बरोबर असलेला मालक आरोपी.

आणखी एक बोलायलाच हवं. ‘बॅचलर नको, मुली नकोत, अमुक जातीचे नकोत, तमुक धर्माचे नकोत, मांसाहारी नकोत.’ फोनवर आडनाव विचारून घर नाकारलं जातं. ज्या महाराष्ट्राने फुले, शाहू, आंबेडकरांचं नाव रोज घ्यायचं, त्याच महाराष्ट्रात, ‘बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही’ ही गोष्ट मुलांना शाळेत सांगायची, आणि संध्याकाळी एजंटला यादी द्यायची? घर चांगलं राखणारा, भाडं वेळेवर देणारा माणूस आडनावावरून ओळखता येत नाही. तो ओळखता येतो त्याच्या पगाराच्या कागदावरून, आधीच्या घरमालकाला केलेल्या फोनवरून आणि समोर बसून केलेल्या अर्ध्या तासाच्या गप्पांवरून. ही चौकशी करावी, कसून करावी. बाकीची सोडून द्यावी.

चारही गोष्टी एकत्र मांडायच्या, तर इतकंच : १९७३ ची भीती आता कायद्यात उरलेली नाही. नोंदणीकृत करार असलेला मालक आज सुरक्षित आहे, आणि नोंदणी न करणारा मालक आपल्या हाताने स्वतःला असुरक्षित करतो आहे. घर ही मालमत्ता आहेच. भाड्याने दिल्यावर तो व्यवसायही होतो, आणि व्यवसायाला वही लागते.

श्रोतेहो, एक विनंती. आज घरी गेल्यावर कपाटातला भाडेकरार काढावा. त्यावर नोंदणी क्रमांक आहे का, ते बघावं. मग मुदत संपण्याची तारीख बघावी. ती उलटून गेली असेल आणि भाडेकरू अजून राहत असेल, तर उद्या सकाळी त्याला फोन करावा, चहाला बोलवावं आणि नवा करार नोंदवून घ्यावा.